लॅबमध्ये शिरायचं कसं? समर फेलोशिप, जेआरएफ आणि पोस्टडॉकची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलच्या गर्दीत काही ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.

मागच्या महिन्यात परभणीकडून एका मुलीची व्हॉइस नोट आली. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, शेवटचं वर्ष. "ताई, एका ठिकाणी एक महिन्याचं रिसर्च ट्रेनिंग आहे, अठरा हजार फी आहे, सर्टिफिकेट देतात. पप्पा म्हणाले सोयाबीनचे पैसे आले की भरतो. घेऊ का?"

तिला मी लगेच कळवलं की थांब, आत्ता भरू नकोस. पण का थांब, आणि मग जायचं कुठे, हे एका मेसेजमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. अशा व्हॉइस नोट्स मला दर महिन्याला येतात. लातूर, चंद्रपूर, सावंतवाडी, कुठूनही. म्हणून आजचा भाग. विषय आहे बायोमेडिकल रिसर्चचं ट्रेनिंग: म्हणजे आजार, औषधं, पेशी, जंतू, जीन यांच्यावर जे संशोधन चालतं, ते करायला शिकायचं कुठे, आणि शिकताना पोट कसं भरायचं.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की एमएस्सीनंतर मी दोन वर्षं पुण्यातल्या एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर काम केलंय. शास्त्रज्ञ झाले नाही, पण आतलं सगळं पाहिलंय. त्यामुळे हे सगळं बाहेरून ऐकलेलं नाही.

आधी त्या अठरा हजारांचं बघू

साधी गोष्ट लक्षात ठेवा. संशोधनाच्या जगात तुमच्या कामाला किंमत आहे. निवड होऊन तुम्ही लॅबमध्ये जाता तेव्हा बहुतेक चांगल्या योजनांमध्ये तुम्हालाच स्टायपेंड मिळतो. काही सरकारी संस्थांमध्ये एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ठरावीक फी असते, हे खरंय, पण ती त्यांच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेली असते, आणि तिथे तुमचा गाइड कोण, हेही आधी ठरतं.

खाजगी दुकानांमध्ये काय होतं? तीस मुलांची बॅच, एक जेल, एक सर. डीएनए काढायचा, जेलवर चढवायचा, फोटो काढायचा, झालं. हे प्रॅक्टिकल झालं, रिसर्च नाही. रिसर्चमध्ये असा प्रश्न असतो ज्याचं उत्तर सरांनाही माहीत नसतं. म्हणून पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. माझा गाइड कोण? त्यांचे पेपर कुठे छापून आलेत? आणि माझ्या प्रोजेक्टचा प्रश्न काय आहे? गाइडचं नाव पबमेडवर टाकून बघा. पबमेड फुकट आहे, मोबाइलवर उघडतं, वैद्यकीय संशोधनाचे पेपर तिथे सापडतात. नाव नाही, पेपर नाही, प्रश्न नाही, असं असेल तर तुम्ही सर्टिफिकेट विकत घेताय. आणि खरं सांगते, इंटरव्ह्यूला बसलेला माणूस त्या सर्टिफिकेटकडे बघतसुद्धा नाही. तो विचारतो, "कंट्रोल काय घेतला होता?" तिथे गप्प बसलात की संपलं.

सुट्टीतले आठ आठवडे

आता कुठे जायचं ते बघू. कॉलेजात असताना सगळ्यात मोठा दरवाजा म्हणजे तीन विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी, या तिघी मिळून ती चालवतात. देशभरातले शास्त्रज्ञ यात गाइड म्हणून असतात. निवड झाली की उन्हाळ्यात साधारण दोन महिने एखाद्या लॅबमध्ये काम करायचं, स्टायपेंड मिळतो, येण्याजाण्याचा खर्चही मिळतो. विद्यार्थ्यांसोबत कॉलेजच्या शिक्षकांनाही अर्ज करता येतो. ही गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी मॅडम-सरांना माहीत नसते, तर त्यांनाही हा भाग पाठवा.

यातली मेख अशी की फेलोशिप उन्हाळ्यातली असली तरी अर्ज आदल्या हिवाळ्याच्या तोंडावर, दिवाळीच्या आसपास निघतो. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर "आता समर ट्रेनिंग शोधू" म्हणणाऱ्यांची गाडी गेलेली असते. कॅलेंडरमध्ये ऑक्टोबरपासून दर आठवड्याला अकादमीची वेबसाइट बघायचं रिमाइंडर लावून ठेवा.

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर आहे. तिथेही उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी व्हीएसआरपी नावाचा कार्यक्रम असतो आणि त्यात बायोलॉजी आहे. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आहे, म्हणजे कॅन्सरवरच्या संशोधनाचं केंद्र. परळला प्रजनन आणि बालआरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची संस्था. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, पाषाणला आयसर, आणि एनआयव्ही, म्हणजे कोविडच्या वेळी जिचं नाव रोज बातम्यांत यायचं ती विषाणू संस्था. महाराष्ट्रातल्या मुलांचं एक नशीब आहे, दूर न जाता इतक्या संस्था एसटीच्या अंतरावर आहेत. आणि तरी परभणीच्या मुलीला पहिली जाहिरात दिसते ती अठरा हजारवाल्याची. कारण तो इन्स्टाग्रामवर जाहिरात करतो, आणि सरकारी संस्था वेबसाइटच्या कोपऱ्यात एक पीडीएफ टाकते.

अमेरिकेत जायचं असेल तर खोराना प्रोग्रॅम आहे, हरगोविंद खोरानांच्या नावाचा. भारतातल्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात तिकडच्या विद्यापीठांत संशोधन करायला मिळतं. जागा कमी, स्पर्धा प्रचंड. अर्ज करा, पण फक्त त्याच्याच भरवशावर राहू नका.

दोनशे-अडीचशे शब्द

इथे जरा थांबते, कारण बहुतेक जण इथेच गळतात. अशा अर्जांमध्ये मार्कांसोबत एक छोटा मजकूर लागतो: तुम्हाला काय करायचंय आणि का. आणि शिक्षकांचं शिफारसपत्र.

माझ्याकडे मुलं हा मजकूर तपासायला पाठवतात. दहांतल्या आठांची सुरुवात सारखीच असते: "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे." नको. वाचणाऱ्याने ते शंभर वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी तुमच्या डोक्यात खरंच असलेला एक प्रश्न लिहा. नांदेडच्या एका मुलाने लिहिलं होतं की गावात टीबीचं औषध चालू असलेले दोन शेजारी आहेत, एकच औषध, एक बरा झाला आणि एकाचा टीबी परत आला, असं का होत असेल हे मला समजून घ्यायचंय. मग त्याने वाचलेल्या एका पेपरचं नाव, त्यातलं काय कळलं आणि काय नाही कळलं. बस. साधं इंग्रजी, लहान वाक्यं. चॅटबॉटकडून लिहून घेतलेला मजकूर लगेच ओळखू येतो हो, कारण त्यात शेजारी नसतात.

शिफारसपत्राचं दुखणं वेगळं. लहान कॉलेजात सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." सगळीकडे चालतं हे. पण शक्य असेल तर आधीपासून एका शिक्षकाच्या मागे लागा, त्यांच्यासोबत काहीतरी छोटं करा, विहिरींच्या पाण्याची तपासणी असो की दह्यातले जिवाणू. मग सरांकडे लिहायला काहीतरी खरं असतं. "विद्यार्थी हुशार व आज्ञाधारक आहे" या पत्राचा शून्य उपयोग होतो.

थेट एखाद्या शास्त्रज्ञाला ईमेल करणार असाल तर पाच-सहा ओळी पुरे. मी कोण, तुमचा अमुक पेपर वाचला, त्यातला हा मुद्दा मला आवडला, या तारखांना मी मोकळी आहे, सोबत बायोडेटा. "रिस्पेक्टेड सर/मॅडम" असं स्लॅश टाकून चाळीस जणांना एकदम पाठवलेली मेल कुणी उघडत नाही. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा. पुन्हा नाही आलं तर सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या इनबॉक्सची अवस्था मी पाहिलीये.

एमबीबीएस, बीडीएसवाल्यांनो

तुमच्यासाठी आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, सगळे एसटीएस म्हणतात ती. १९७९ पासून चालू आहे. कॉलेजमधल्याच एका गाइडसोबत छोटा प्रस्ताव लिहायचा, तो मंजूर झाला तर दोन महिन्यांत काम पूर्ण करून रिपोर्ट द्यायचा. प्रस्तावात स्वतःचं, गाइडचं किंवा कॉलेजचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही, म्हणजे तपासणाऱ्याला कळू नये की हा मोठ्या कॉलेजचा की लहान. मला हा नियम फार आवडतो. मिरजच्या आणि मुंबईच्या मुलाचा प्रस्ताव एकाच पातळीवर वाचला जातो.

दोन गोष्टी सांभाळा. पेशंटवर किंवा त्यांच्या नमुन्यांवर काम असेल तर कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि ती कमिटी महिन्यातून एकदा बसते, कधी तीही नाही. म्हणून आधीच धावपळ करा. दुसरं, पैसे आणि सर्टिफिकेट रिपोर्ट मान्य झाल्यावर मिळतात. प्रस्ताव मंजूर झाला म्हणून आनंदाने पार्टी देऊन रिपोर्ट न देणारे महाभाग दरवर्षी असतात.

एमएस्सीनंतर: स्वतःची फेलोशिप की प्रोजेक्टची पोस्ट?

इथे शब्दांचा घोळ आहे तो आधी सोडवूया. 'जेआरएफ' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात.

एक, तुम्ही राष्ट्रीय परीक्षा पास होऊन मिळवलेली स्वतःची फेलोशिप. सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची बेट, आयसीएमआरची जेआरएफ. हा पैसा तुमच्या नावावर असतो. चांगली लॅब, चांगला गाइड शोधायचं स्वातंत्र्य तुम्हाला मिळतं, कारण गाइडला तुमच्यासाठी पैसे शोधावे लागत नाहीत. एकूण पाच वर्षं, पहिली दोन जेआरएफ, मग मूल्यमापन होऊन एसआरएफ.

दोन, एखाद्या शास्त्रज्ञाला मिळालेल्या प्रोजेक्टमधली पोस्ट. जाहिरात निघते, इंटरव्ह्यू होतो, प्रोजेक्ट असेपर्यंत काम. प्रोजेक्ट संपला की पोस्ट संपली. मी याच प्रकारात होते. यात वाईट काही नाही, हात बसतो, पेपरमध्ये नाव येऊ शकतं, नेटचा अभ्यासही करता येतो. पण घरी "पोरगी जेआरएफ झाली" असं सांगताना कुठली जेआरएफ ते स्वतःला तरी माहीत असू द्या. आणि रुजू होताना विचारा की प्रोजेक्टचे किती महिने उरलेत, पीएचडीला नोंदणी करता येईल का. हे विचारायला लाजू नका. पहिल्याच दिवशी विचारलेलं बरं.

नेटच्या लाइफ सायन्सेसच्या पेपरबद्दल थोडक्यात. २०० मार्क, तीन तास. पार्ट ए सगळ्या विषयांना समान, गणित आणि तर्काचे साधे प्रश्न, २० पैकी १५ सोडवायचे. पार्ट बी ५० पैकी ३५. पार्ट सी ७५ पैकी फक्त २५, प्रत्येकी ४ मार्क, आणि चुकलं की एक मार्क कापतात. पार्ट सीमध्ये प्रयोग दिलेला असतो आणि त्यावरून निष्कर्ष विचारतात. म्हणजे पाठांतराची पोरं इथे अडकतात आणि लॅबमध्ये आठ आठवडे घालवलेली पोरं निघून जातात. मघाशी मी समर ट्रेनिंगवर एवढा वेळ का घालवला ते आलं ना लक्षात?

२०२४ पासून यूजीसीने आणखी एक बदल केलाय. नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ मिळालेले, सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र. म्हणजे जेआरएफ थोडक्यात हुकली तरी पीएचडीचं दार पूर्ण बंद होत नाही. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली असेल तर मास्टर्स न करता थेट पीएचडीला जाता येतं, हेही २०२२ च्या नियमांत आलंय.

टीआयएफआर आणि बंगळुरूच्या एनसीबीएसची वेगळी परीक्षा आहे, जेजीबिल्स म्हणतात तिला. फिजिक्स, केमिस्ट्री, गणितवाल्यांनाही बायोलॉजीच्या पीएचडीसाठी ती देता येते. बीएस्सीनंतर इंटिग्रेटेड पीएचडीसाठीही. कोचिंग क्लास लावून होणारी परीक्षा नाही ती. जुने पेपर सोडवा, मजा येते.

पैशाचं बोलूया, कारण घरी तेच विचारतात

केंद्राची जेआरएफ २०१४ मध्ये महिना २५,००० झाली, २०१९ पासून ३१,००० आणि जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये. एसआरएफला ४२,०००. वर शहराप्रमाणे घरभाडं. ही वाढ आपोआप होत नाही हं. प्रत्येक वेळी देशभरातले संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ट्विटरवर मोहीम चालवली, तेव्हा फाइल हलली.

आकडा कागदावर चांगला दिसतो. पण तो दर महिन्याच्या एक तारखेला येईलच असं नाही. माझा सगळ्यात मोठा खंड पाच महिन्यांचा होता. पाच महिने मेसवाल्या काकूंना "पुढच्या आठवड्यात देते" म्हणत काढले. काकू भल्या, एकदाही डबा थांबवला नाही. संस्थेचं म्हणणं, वरून ग्रांट आली नाही. वरचे म्हणायचे, संस्थेने हिशोब पाठवला नाही. दोन्ही खरं असेल, पण भाडं मागणाऱ्या घरमालकाला ते काय सांगणार? ज्यांच्या घरून पैसे येतात ते असले महिने काढतात. ज्यांना उलट घरी पैसे पाठवायचे असतात ते पीएचडी सोडून मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होतात. हुशारी कमी पडत नाही त्यांची, बँक बॅलन्स कमी पडतो. माझ्यासोबतची सगळ्यात सफाईदार हात असलेली मुलगी आज नाशिकला औषधांच्या दुकानांना ऑर्डर घेत फिरते. तिच्या सेल कल्चरमध्ये कधी बुरशी आलेली मी पाहिली नाही.

म्हणून रुजू होण्याआधी त्याच लॅबच्या सीनियरना, गाइडला नाही, विचारा: गेल्या वर्षी पैसे किती उशिरा आले? आणि पहिले दोन-तीन हप्ते एकदम आले की लगेच नवा फोन घेऊ नका.

महाराष्ट्रात पीएचडीसाठी राज्याच्या फेलोशिपही आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. जागा किती आणि पैसे कधी, यावरून विद्यार्थ्यांना इथेही आंदोलनं करावी लागलीत. तरी अर्ज नक्की करा. फक्त एकाच वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, तो नियम नीट वाचा, नाहीतर नंतर वसुलीची नोटीस येते.

पोस्टडॉक म्हणजे काय रे भाऊ?

पीएचडी झाली, नावापुढे डॉक्टर लागलं, मग पुन्हा ट्रेनिंग कशाला? नातेवाईकांना हे समजावणं पीएचडीपेक्षा अवघड. पोस्टडॉक ही पदवी नाही आणि कायमची नोकरीही नाही. पीएचडीत तुम्ही दुसऱ्याच्या छत्राखाली संशोधन करायला शिकता. पोस्टडॉकमध्ये स्वतःचा प्रश्न, स्वतःची पद्धत उभी करता, म्हणजे पुढे स्वतःची लॅब चालवता येईल. शक्यतो जागा बदलून, नवं तंत्र शिकण्यासाठी.

भारतात रिसर्च असोसिएट म्हणून अनुभवानुसार महिना ५८,००० ते ६७,००० असा दर २०२३ पासून आहे. एएनआरएफची, म्हणजे पूर्वीच्या सर्बची, नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. आणि बायोमेडिकलमध्ये सगळ्यात मानाची म्हणजे इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनची वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये ही भागीदारी सुरू केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली, एकूण १,५०० कोटी रुपये, त्यातले १,००० आपल्या सरकारचे आणि ५०० वेलकमचे. इथे पगारासोबत संशोधनाचा खर्चही मिळतो, त्यामुळे रसायनाच्या बाटलीसाठी गाइडच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. डॉक्टर मंडळींसाठीही त्यात क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थच्या वेगळ्या फेलोशिप आहेत.

युरोपात जायचं असेल तर एम्बो बघा. भारत २०१६ पासून त्यांच्या परिषदेचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे आपल्या संशोधकांना बऱ्याच योजना खुल्या आहेत. आणि लग्न, बाळंतपण, घरातलं आजारपण यामुळे ज्यांचं संशोधन मध्ये थांबलं, त्या बायकांसाठी डीएसटीची वाइज-किरण योजना आहे. मला दोन जणींचे मेसेज आले होते की वय निघून गेलं, आता काय. आधी तिथल्या अटी वाचा, मग ठरवा.

निवड झाली, आता पहिला आठवडा

पटापट सांगते. पहिले दिवस कुणी शिकवायला बसणार नाही, सीनियरच्या मागे उभं राहून बघा. पिपेट हातात आलं की आधी रंगीत पाण्यावर सराव करा. लॅब नोटबुकमध्ये त्याच दिवशी, पेनाने, तारखेसह लिहा, फसलेला प्रयोगही. माणसाच्या रक्तावर किंवा नमुन्यांवर काम असेल तर हिपॅटायटिस बीची लस झालीये का ते आधी बघा, आणि नसेल तर सांगा. लॅब मीटिंगमध्ये इंग्रजी अडलं तर अडू द्या. माझ्या लॅबमध्ये सगळ्यात चांगले प्रश्न विचारणारा मुलगा अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत विचारायचा, आणि बॉस तामिळ होते. उत्तर मिळायचं.

आणि गाइडची वागणूक खटकली, रात्री-अपरात्री बोलावणं, अपमान, त्याहून वाईट काही, तर ते "रिसर्चमध्ये चालतंच" म्हणून गिळू नका. लैंगिक छळाची तक्रार ऐकायला प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असते, ती कायद्याने असावीच लागते. बाकी त्रासासाठी स्टुडंट्स डीन किंवा तक्रार निवारण समिती. हे एवढ्यावर सोडत नाही, यावर पूर्ण भाग करणार आहे.

परभणीच्या त्या मुलीने फी भरली नाही. तिच्या कॉलेजच्या मॅडमनाही अकादमीच्या शिक्षकांसाठीच्या फेलोशिपबद्दल सांगितलंय म्हणे. दोघींचे अर्ज दिवाळीत जाणार आहेत. तुमच्या अर्जाचा मजकूर तपासून हवा असेल तर पाठवा, पण शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री नाही, प्लीज. पुढच्या भागात शिफारसपत्र मागायचं कसं यावर एका निवृत्त प्राध्यापकांशी गप्पा आहेत. भेटूच!